बिनक्लचची ॲम्बेसेडर

नागपूरच्या भंगारातून आणलेला गिअरबॉक्स योगराजने आमच्या अंगणात, नेमका मी वाळवणं घालते त्या सारवलेल्या जागेवर उतरवला. तांदळाच्या पोत्यात बांधून आणला होता. पोतं सोडल्याबरोबर आतून लालसर काळं तेल ओघळलं आणि त्याच्यासोबत एक वाळलेला उंदीर बाहेर आला. शेपटीसकट.

"हे काय आणलंस रे?"

"काकी, हा ऑटोमॅटिक आहे. याले क्लच लागत नाई."

"आणि हा उंदीर? तोही ऑटोमॅटिकच का?"

योगराज हसला, तोंडातला तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि माझ्या भेंडीच्या वाफ्यात थुंकला. पुढचे दोन महिने तो तिथेच थुंकला. त्या साली आम्ही भेंडी खाल्ली नाही.

योगराज ट्रॅक्टरचा मिस्त्री. अख्ख्या अर्जुनीत त्याच्याइतका हात कोणाचा नाही, आणि त्याच्याइतका घाण माणूसही नाही. पण दुसरा कोणी हे काम घ्यायला तयारच नव्हता. गोंदियाच्या एका गॅरेजवाल्याने तर हात जोडले होते. म्हणाला, "भाभीजी, ॲम्बेसेडर में ऑटोमॅटिक? बैल को साइकिल चलाना सिखाओगे क्या?"

ही गाडी ईश्वरदासांची. नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही, कागदावर घ्यायला कोणी अडवत नाही. तीस वर्षांपूर्वी सरकारी लिलावात त्यांनी ती घेतली आणि तेव्हापासून तिच्या स्टेअरिंगला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. हात सुधारला, तोंड अर्धं सुधारलं, डावा पाय तेवढा राहिला. क्लच डाव्या पायाचा. दवाखान्यातून येताना माझ्या पुतण्याने गाडी चालवली आणि हे मागच्या सीटवर बसून आले, सामानासारखे. उतरले ते अंगणातच थांबले. "आता गाडी चालवीन तेव्हाच फाटकाबाहेर जाईन," म्हणाले. मला वाटलं, माणूस रागाने बोलतो. दोन वर्षं झाली. लग्नं झाली, मयती झाल्या, यांनी फाटक ओलांडलं नाही.

म्हणून मी तो उंदीर सहन केला.

जपानी गाडीचा गिअरबॉक्स आमच्या इंजिनाला सरळ बसत नाही, हे मला तेव्हा कळलं. मध्ये जाड लोखंडी पाटी लावावी लागते. तिची भोकं लेथवाल्याने दोनदा चुकवली. मागचा शाफ्ट कापून आखूड केला. गाडीच्या पोटातला पत्रा कापला, तेव्हा आतून तीस वर्षांची माती, केस, शेंगांची टरफलं आणि कोणाच्या तरी वरातीतल्या अक्षता पडल्या. सगळं तेलात भिजून काळं झालेलं. मी झाडूने ओढायची आणि नाकाला पदर लावायची. ईश्वरदास खाटेवर बसून, जसं काही सून बाळंत होत आहे, तसे मान लांब करून बघायचे.

सगळं बसवून झालं त्या दिवशी योगराजने मला नालीजवळ बोलावलं. आधी थुंकला. मग म्हणाला, "काकी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाडी बंद पडली त मले फोन करा. ढकलून ही चालू होत नाई. आन् ओढू त मुळीच नका. इंजिन चालू राहिलं तरच याच्या पोटात तेल फिरते. बंद इंजिनाने चाकं फिरली का आतलं सगळं कोरडं घासून जरते."

"त्यांनाही सांग."

"काकांले धा वेळा सांगलं न."

ईश्वरदासांनी गिअरचा दांडा ओढला, ब्रेकवरचा उजवा पाय हळूच उचलला, आणि गाडी आपली आपण सरकली. फाटकाबाहेर गेली. तलावाच्या बांधापर्यंत, पाळीपर्यंत आम्ही गेलो. हे नुसते हसत होते, लकव्याने उरलेल्या अर्ध्या तोंडाने. मला त्या तेलाच्या वासाने इतकं मळमळलं की पाळीवर उतरून मी ओकले. तरी मी त्यांना आणखी एक फेरी मारा म्हटलं.

दिवाळी झाली आणि केशोरीच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेचं, निमंत्रण आलं. केशोरी माझं माहेर. मंडईला सोयरे आले नाहीत तर वर्षभर बोलणी खावी लागतात, आणि आम्ही दोन वर्षं खात होतो. या वेळी हे आपणहून म्हणाले, "चाल, जाऊ."

माझ्या भावाच्या, जागेश्वरच्या दारात गाडी थांबली तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. "भाटवे सोता चालवत आले!" जागेश्वर मेहुण्याकडे बघून ओरडला. ईश्वरदास काठी टेकत उतरले, पण उतरले राजासारखे. मुलांनी त्यांना क्लचच्या जागी काय आहे ते दाखवायला लावलं. काहीच नाही, हे त्यांनी सहा वेळा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी जेवून निघालो तर गाडी चालूच होईना. इंजिनाला पेट्रोल चढवणारा पंप बसला होता. लगेच दहा-बारा जण मागे लागले ढकलायला. जेवणाचे हात, खर्ऱ्याची तोंडं, सगळे माझ्या खिडकीला चिकटले. ढकलून काही झालं नाही. मग जागेश्वर नवा ट्रॅक्टर घेऊन आला. झेंडूच्या माळा अजून सुकल्या नव्हत्या त्याच्यावर.

"योगराजला फोन करते," मी म्हटलं.

"कायले? भाऊ मेला का तुया, बाई?" तो दोर बांधतच बोलला. "माह्या दारातून सोयरा मिस्त्रीची वाट पाहत बसन? लोक तोंडात शेण घालतीन माह्या."

आमच्याकडे हे असंच. पाहुण्याची गाडी बंद पडली की घरच्या ट्रॅक्टरने त्याच्या दारापर्यंत ओढून न्यायची. तो मान आहे. नको म्हटलं तर मान मोडला. सगळे बघत होते. माझी वहिनी बघत होती. दोन वर्षं न आलेली मी, आल्या आल्या भावाचा दोर सोडा म्हणू?

मी फोन पिशवीत ठेवला. ईश्वरदासांनी स्टेअरिंग धरलं.

पंचवीसेक किलोमीटर. पुढे ट्रॅक्टरची धूळ, ट्रॅक्टरवर मागे वळून वळून हसणारा माझा भाऊ. अर्ध्या वाटेत वास सुरू झाला. पातेल्याच्या तळाला भात करपावा आणि त्यात कोणी केस टाकावेत, तसा. मी यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते.

सकाळी योगराजने खालचा बोल्ट सोडला. काळं, पातळ, चकाकणारं तेल परातीत पडलं. माझ्या परातीत. त्याने बोट बुडवून वर केलं तर बोटावर धातूचा चुरा.

"कोनं ओढली?"

तेवढ्यात जागेश्वरचा फोन आला, "पोचली न बाई गाडी नीट?" आणि मी म्हटलं, "हो रे दादा, नीट पोचली." इतकी किळस मला उंदराचीही आली नव्हती.

योगराज गेला. ईश्वरदासांनी परातीत दोन्ही हात घातले होते, चुरा चिमटीत धरून उन्हात बघत होते. मी त्यांना ओढून मोरीवर नेलं आणि राखेने हात घासायला लागले.

"मला माहीत होतं," मी म्हटलं. "ओढायची नाही म्हणून."

"मले बी माहीत होतं."

माझा हात थांबला. "मंग बोलले काऊन नाही?"

"तू काऊन नाई बोलली?"

"माझा भाऊ होता."

"मंग माहा साळा नोहे का?" मग खाली बघत म्हणाले, "काल सगळे मले पाहून राहिले होते, व. त्याईच्यासमोर कसं सांगू का माही गाडी बी ओढायच्या कामाची नाई."

मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि झेंडूच्या माळांचाही आला. मी राख जास्त घेतली आणि जोरात घासलं.

"हरू," ते म्हणाले. "नागपूरले मी जातो. या वेळी गिअरचा डबा मी पाहून घेतो. योगराजले नुसता बाहेरून दिसते."

"कशानं जाता?"

"एसटीनं. कोनी नेऊन देईन त कोनाच्या गाडीनं. मागं बसीन."

मी वर पाहिलं. ते हात बघत होते. नखांतलं काळं निघालं नव्हतं. तसेच जेवायला बसले आणि त्याच बोटांनी वरणभात कालवायला लागले. मला घास उतरेना, मी ताट बाजूला सरकवलं. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला.