पाचवी प्रत

मी एक मसुदा बोलतोय. नियम होण्याआधी नियम जो असतो, तो मी. आणि माझ्यासारख्यांना तपासणाऱ्या समितीचा स्वतःचाही एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही: आधी सही, मग चहा.

समितीत नव्याने आलेल्या उल्काला हा नियम सरोजिनीबाईंनी सांगितला, तोही अगदी मायेने. "हे बघ, पहिल्याच बैठकीत प्रश्न विचारायचे नसतात. मी चौदा वर्षं आहे समितीत, मीही अजून एकही विचारलेला नाही."

उल्काने हे ऐकून घेतलं. पटलं असं मात्र ती म्हणाली नाही.

माझा जन्म एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत झाला. माझे जन्मदाते अनंतराव देवस्थळी. माणूस अत्यंत सरळ. त्यांच्या शेजारच्या दोन घरांतली माणसं भेसळीच्या तिखटाने आजारी पडली, आणि अनंतरावांना चैन पडेना. मसाले, तिखट, लोणची विकायला करणाऱ्यांसाठी नियम हवा, असं त्यांनी वरिष्ठांना पटवलं आणि महिनाभर मान मोडून मला लिहिलं. कच्च्या मालात रंग नको, पाणी स्वच्छ हवं, डोकं झाकलेलं हवं, पुडीवर नाव आणि तारीख हवी. एकेक कलम लिहून झालं की ते स्वतःशीच मोठ्याने वाचत. मला ते फार आवडायचं.

कचेरीतल्या टंकलेखिका कुसुमताईंनी मला टाइप केलं. मध्ये कार्बन घालून एका दमात पाच प्रती काढल्या. पहिली ठसठशीत प्रत अध्यक्षांना, मग मानाप्रमाणे खाली. पाचवी प्रत म्हणजे मी. टाइपरायटरचा ठोका माझ्यापर्यंत येईतो पार दमलेला असायचा, त्यामुळे माझी अक्षरं धुरकट उमटली. शेवटची प्रत सगळ्यात नव्या सभासदाला द्यायची, अशी कचेरीची रीत होती. नाही तरी ती कोण वाचणार होतं?

सरकारला धंद्यांसाठी नवा नियम करायचा असला की तो आधी या सल्लागार समितीपुढे येतो. समितीने तो तपासायचा, कोणाच्या पोटावर पाय तर येत नाही ना ते बघायचं, आणि मगच तो मुंबईला पाठवायचा. राजपत्रात छापून येणं, हे आम्हा मसुद्यांचं एकच स्वप्न. मीही ते बघत होतो.

आठ दिवसांनी बैठक होती. उल्काने मला शबनम पिशवीत घातलं आणि मंडईजवळच्या आपल्या घरी नेलं. ती पंचवीस वर्षांची, एम.कॉम. झालेली. घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या बायकांची एक संस्था होती, तिची ती चिटणीस. खिडकीशी उभं राहून, उजेडाकडे धरून तिने माझं अक्षर न् अक्षर लावलं. जिथे अगदीच उमटलं नव्हतं तिथे पेन्सिलीने हलकेच गिरवलं. अनंतरावांनंतर मला वाचणारं हे पहिलंच माणूस. वाचलं जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? पाठीवरून कोणी हात फिरवावा, तसं.

नवव्या कलमापाशी मात्र तिचं बोट थांबलं. 'उत्पादनाची जागा राहत्या घरापासून वेगळी, किमान दोनशे चौरस फुटांची व रस्त्याकडे स्वतंत्र दार असलेली असावी.' तिने ते तीनदा वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन येरवड्याची बस पकडली.

तिथे एका चाळवजा वस्तीत तिच्या संस्थेतल्या सोजरबाई राहत होत्या. दहा बाय बाराची खोली. त्यातच चूल, त्यातच अंथरूण, आणि त्यातच कांदा-लसूण मसाला. नवरा गेल्यापासून दोन मुलींची शाळा त्या मसाल्यावर चालली होती. भाजणं, चाळणं, पुड्या बांधणं घरी. कांडायला तेवढं कोपऱ्यावरच्या गिरणीत. खोलीत पाय टाकण्याआधी उल्काला त्यांनी पाय धुवायला लावले.

"वाच म्हणतेस ना, मग सगळं वाच. मधलं गाळू नको," सोजरबाई म्हणाल्या आणि तोंडावरचं फडकं सोडून भिंतीला टेकून बसल्या.

उल्का वाचत गेली. रंग नको, यावर सोजरबाईंनी मान डोलावली. डोकं झाकलेलं हवं, यावर हसल्या. "हे काय सांगायचं झालं व्हय? ह्याच्याहून कडक करा. आमच्या गल्लीच्या तोंडाला एकजण विटेची भुकटी घालतो तिखटात. त्याला आधी धरा."

मला केवढा अभिमान वाटला! मग नववं कलम आलं.

सोजरबाई उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात पसरून खोली मोजल्यासारखी केली. "मंजी आमी बंद?"

"हो. नियम झाला तर बंद."

"ज्यानं लिवलं त्यानं कदी असं घर बघितलंय का गं?" आवाजात राग नव्हता. "त्याला म्हणावं, एकदा जेवाया ये. ताट इथंच वाढते, ह्याच जिमिनीवर. मग सांग, घाण कुटं हाय."

उल्काने माझ्या कडेला पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली. मिरचीची पूड लागलेलं सोजरबाईंचं बोट माझ्या कोपऱ्याला लागलं आणि तिथे लालसर डाग पडला. मला तो पुसावासा वाटला नाही. ज्यांच्यासाठी मी जन्मलो असं मला वाटत होतं, त्यांनाच मी घराबाहेर काढायला निघालो होतो. मसुद्याला लाज वाटते, हे मला त्या दिवशी कळलं.

बैठकीच्या दिवशी पाचही प्रती टेबलावर एकत्र आलो. पहिल्या प्रतीची टाचणीसुद्धा निघालेली नव्हती. तिसरीला मेतकुटाचा वास येत होता. सरोजिनीबाईंच्या घरी ती कुठल्या बरणीखाली होती ते उघडच होतं.

अध्यक्ष श्रीधर फाटक, निवृत्त अधिकारी. दाराला कुलूप लावून एकदा ओढून बघावं, तशा सुरात त्यांनी विचारलं, "कोणाचं काही? नाही ना? छान."

आणि इतिवृत्ताचा कागद फिरू लागला. तो कुसुमताईंनी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवलेला होता. 'मसुद्यावर सविस्तर चर्चा झाली. चर्चेअंती तो एकमताने योग्य ठरवण्यात आला.' फाटकांनी सही केली. वाघोलीचे मसाला कारखानदार हिंदुराव, सरोजिनीबाई, समितीचे सचिव म्हणून अनंतराव, सगळ्यांनी केली. कागद उल्कापाशी आला.

"चर्चा कधी झाली?" तिने विचारलं.

फाटकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपलं शिक्षण?"

"एम.कॉम."

"मग बेरीज येत असेल. चार सह्या झाल्या, एक राहिली."

हिंदुराव मोठ्याने हसले. "करा ओ ताई सही. मला वाघोली गाठायचीय. लग्नसराईचा माल जायचाय आज."

"करते. आधी एवढंच सांगा, नवव्या कलमातले दोनशे चौरस फूट कुठून आले?"

सगळ्यांनी अनंतरावांकडे पाहिलं. ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "मी हिंदुरावांचा कारखाना बघायला गेलो होतो. तिथली सगळ्यात लहान खोली मोजून घेतली. म्हटलं, एवढी तरी कोणाकडेही असेल."

"कंची?" हिंदुराव चमकले. "मागची? आवो सायेब, तिथं आमी रिकामी पोती टाकतो!"

"सोजरबाईंचं अख्खं घर त्या पोत्यांच्या खोलीपेक्षा लहान आहे," उल्का म्हणाली. "आणि आमच्या संस्थेत अशा दोनशे चाळीस सोजरबाई आहेत."

"हरकती मागवल्या होत्या," फाटक म्हणाले. "तीस दिवस सूचनाफलकावर कागद होता. एकही हरकत आली नाही. लोकांना आळस, त्याला समिती काय करणार?"

"फलक तुमच्या दुसऱ्या मजल्यावर, दाराच्या मागे आहे. दार उघडं असलं की तो दिसत नाही, आणि बंद असलं की आत येता येत नाही. मी आजच बघितला."

सरोजिनीबाईंनी टेबलाखालून तिचा पदर ओढला. "उल्का, पुरे गं. वयाने मोठे आहेत सगळे."

"म्हणूनच विचारतेय, सरोजिनीताई. तुम्ही चौदा वर्षांत विचारलं असतं, तर आज मला विचारावं लागलं नसतं."

सरोजिनीबाईंचा हात पदरावरून निसटला.

"हे पाहा," फाटकांचा आवाज आता मऊ झाला, आणि तो मऊ झाला की समोरचा हरतो, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. "आज सही करा. तुमचं म्हणणं पुढच्या बैठकीत सवडीने ऐकू. एका कलमासाठी सगळा नियम अडकवायचा? भेसळवाले मोकळे फिरतील, आणि पाप तुमच्या माथी."

उल्का घुटमळली. खरंच घुटमळली, तिने पेनचं टोपणही काढलं. विटेची भुकटी विकणारा तो माणूस तिलाही आठवला असणार. तिने सही केली असती तर पंधरा दिवसांत मी राजपत्रात छापला गेलो असतो. जन्मभर ज्याची आस धरली ते एका सहीवर येऊन थांबलं होतं. आणि तरी मी, एक धुरकट कार्बन प्रत, मनोमन विनवत होतो: बाई, करू नकोस. मला चांगला होऊ दे, मग मोठा होऊ दे. खोडा मला, फाडा, पुन्हा लिहा, पण ज्यांच्या घरात मी जाणार त्यांचं दार एकदा बघून या.

उल्काने पेनला टोपण लावलं. 'एकमताने' या शब्दावर बोट ठेवून तिने तो कागद फाटकांपुढे सरकवला.

"बाकीची सगळी कलमं मला मान्य आहेत, तसं लिहा. नवव्यावर मी सही करणार नाही. आज नाही आणि पुढच्या बैठकीतही नाही. येरवड्याला चला, ती खोली बघा, आणि तिथे उभं राहून मला सांगा की हे योग्य आहे."

मग तिने मला नवव्या कलमापाशी उघडलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.

फाटकांनी चष्मा सारखा केला. हिंदुराव घड्याळाकडे बघायचे थांबले. अनंतराव पुढे वाकले आणि आपणच लिहिलेली ती ओळ ओठ न हलवता वाचू लागले. सरोजिनीबाईही वाकल्या.

त्या टेबलावर पहिल्यांदाच कोणीतरी मला वाचत होतं.