बसून बघायची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच गंज, खडखडाट, धूर असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. माझा रंग अजून चकचकीत आहे, सीटांना नवेपणाचा वास येतो, आणि मीटरवरचा आकडा पाहून एखादी रिक्षाही हसेल. तरी मी जुनीच. कारण माझ्यात बसून गेलेल्या माणसांच्या बाबतीत मी एसटीलासुद्धा हार जाणार नाही. मी टेस्ट ड्राइव्हची गाडी आहे. लोक माझ्यात बसतात, मला फिरवून बघतात, आणि मग माझ्यासारखीच दुसरी गाडी विकत घेतात. किंवा घेतच नाहीत.

माझा जन्म चाकणचा. तिथल्या एका कारखान्यात मी तयार झाले. मी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे बरं का. अख्ख्या कुटुंबाला पुरेल अशी मोठी व्हॅन. तीन रांगा, मधल्या रांगेत आरामखुर्चीसारख्या दोन सुट्या सीटा, आणि बटण दाबलं की आपोआप सरकणारं दार. हे दार बसवणारी मुलगी लातूरकडची होती. ती दार बंद करायची, कान लावायची, पुन्हा उघडायची. शेवटी शेजारणीला म्हणाली, आता कसं गुमान सरकतंय बघ. ते माझं पहिलं कौतुक. मी ते अजून विसरलेले नाही.

कारखान्यातून निघताना आम्ही सगळ्या बहिणी ट्रेलरवर चढलो. कुणी नागपूरला निघाली होती, कुणी कोल्हापूरला. आपल्याला कसलं घर मिळेल, याच गप्पा. मला जवळच उतरवलं, थेरगावजवळच्या महामार्गालगतच्या शोरूममध्ये. मी खूश झाले. जवळचं घर मिळणार म्हणजे चाकणचं वारं तरी अंगाला लागेल, असं वाटलं. पण तिसऱ्याच दिवशी माझ्या दोन्ही बाजूंना इंग्रजीत मोठ्या अक्षरांत टेस्ट ड्राइव्ह लिहिलेली पट्टी चिकटवली, आणि माझं नशीब ठरलं. तुम्ही लग्नात करवली पाहिली असेल. नटूनथटून दिवसभर नवरीच्या मागे उभी. माझं तसं झालं, फरक इतकाच की करवलीचंही कधीतरी लग्न होतं.

आता मला बघायला येणाऱ्यांच्या तऱ्हा सांगते. कुणी आल्या आल्या माझ्या टायरला लाथ मारतो. त्यातून त्याला काय कळतं, देव जाणे. कुणी बोटांनी पत्रा वाजवून बघतो, बाजारात कलिंगड वाजवावं तसा. ॲव्हरेज किती देते, हा प्रश्न तर ठरलेला. एका बाईंनी डिकीत गौरी-गणपतीचं मखर आडवं मावेल का, हे सोबत आणलेल्या टेपने मोजलं होतं. पोरं छतातून डोकं बाहेर काढतात आणि मागच्या सीटवर कुणी बसायचं यावरून भांडतात. सोबत एखादा उंटावरचा शहाणा काका असतोच. तो स्वतः काही घेणार नसतो, पण माझ्यात चार दोष काढल्याशिवाय त्याचा चहा गोड होत नाही. मला राग यायचा, पण खरं सांगू, ती भांडणारी पोरं फार आवडायची. त्यांनी सीटवर सांडलेले चिवड्याचे दाणे दुसऱ्या दिवशी झाडून काढले की मला चुकल्यासारखं वाटायचं.

माझा रस्ताही ठरलेला. शोरूममधून निघायचं, महामार्गाला लागायचं, पुढच्या पुलाखालून वळायचं आणि परत यायचं. पुलाच्या पलीकडे काय आहे, मला माहीत नव्हतं. लोक पलीकडे जाताना दिसायचे. कुणाच्या टपावर बोचकी, कुणाच्या मागच्या काचेवर पोरांची नावं. मी मात्र रोज तिथूनच माघारी फिरायचे. आणि परत आल्यावर प्रत्येक जण उतरताना एकच शब्द बोलायचा. कळवतो. कुणी जास्तच गोड असेल तर म्हणायचा, घरी विचारून कळवतो. मित्रांनो, या शब्दावर मी किती दिवस काढले आहेत. सुरुवातीला मला तो खराच वाटायचा.

शोरूममध्ये योगिनी नावाची मुलगी आहे. गिऱ्हाइकांबरोबर माझ्यात बसून येणं हे तिचं काम. एकदा दिवाळीनंतर तिच्याकडे करिष्मा नावाची एक बाई आली. रावेतला यांचं जुनं घर, सगळीकडे उंच टॉवर उठलेत, मधे यांचा बंगला. तिच्या सासऱ्यांना, अर्जुनरावांना, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. घरात उंच काळी जीप होती. गावात रुबाब मोठा, पण तिच्यात चढायचं म्हणजे अर्जुनरावांना दोघांनी काखेत हात घालून उचलावं लागायचं. एकदा गल्लीतली माणसं बघत असताना त्यांचं धोतर सुटलं. त्या दिवसापासून ते घराबाहेर पडले नव्हते. त्यांची थोरली बहीण सोजरबाई वडगावच्या पुढे, इंद्रायणीच्या काठच्या एका गावात राहते. तिलाही आता प्रवास होत नव्हता. दोन भाऊबिजा कोरड्या गेल्या होत्या.

योगिनीने सवयीप्रमाणे मोठा स्क्रीन दाखवायला सुरुवात केली. करिष्माने तिला थांबवलं. म्हणाली, "ते सगळं चांगलंच असेल. आम्हाला एवढंच बघायचंय, आमच्या आबांना कुणी न उचलता बसता येतं का."

असं मला कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, अगं, आण त्यांना. माझा तळ जमिनीलगत आहे, माझं दार रुंद आहे, आण तर खरं.

अर्जुनराव शोरूममध्ये येणं शक्यच नव्हतं. म्हणून मला त्यांच्या दारात न्यायचं ठरलं. रविवारी करिष्माचा नवरा निरंजन मला न्यायला आला, आणि योगिनी नेहमीप्रमाणे सोबत बसली. निघताना त्याने आईला फोन केला आणि म्हणाला, गाडी घेऊन येतोय, आबांना तयार ठेव. झालं. आता तुम्हीच सांगा, मुलगा गाडी घेऊन येतोय म्हटल्यावर आईने काय समजायचं? आपल्याकडे गाडी घेतली म्हणजे विकतच घेतली की.

आम्ही बंगल्याशी पोचलो तर दारात रांगोळी. शेजारच्या दोन बाया पदर सावरून उभ्या. आणि पायरीवर सुभद्राबाई, निरंजनची आई, हातात आरतीचं ताट घेऊन. निरंजनने तोंड उघडलं, पण तो काही बोलायच्या आत त्या माझ्यापुढे आल्या होत्या. माझ्या बॉनेटवर त्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. अक्षता टाकल्या. मला ओवाळलं. मग माझ्या अंगावरून हात फिरवून म्हणाल्या, "आलीस व्हय? ये बाई. आमच्या ह्यांना तेवढं संभाळून ने."

मित्रांनो, शोरूमच्या फाटकात मी शेकडो गाड्यांची पूजा होताना पाहिली होती. नारळ फुटायचा, हार घालायचे, फोटो काढायचे. मी कोपऱ्यात उभी असायचे. आज माझ्यापुढे नारळ फुटला. माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली. माझ्या अंगावरच्या पट्टीकडे बोट दाखवून शेजारणीने विचारलं, हे काय लिहिलंय? सुभद्राबाई ठसक्यात म्हणाल्या, कंपनीचं नाव असंल. योगिनी माझ्या शेजारीच उभी होती. तिने खाली मान घातली. निरंजन काही सांगायला पुढे झाला, पण करिष्माने त्याचा हात दाबून धरला. मला तर ते खोटं संपूच नये असं वाटत होतं.

मग अर्जुनराव आले. पांढरं धोतर, इस्त्रीची टोपी, डाव्या हातात काठी. एकेक पाऊल मोजून टाकत होते. माझं दार सरकलं, अगदी गुमान. ते बराच वेळ आत बघत उभे राहिले. निरंजन धरायला पुढे आला तर त्यांनी काठीनेच त्याला अडवलं. पाठ फिरवली. काठी दाराला टेकवली, डाव्या हाताने दारातली मूठ पकडली आणि हळूच सीटवर टेकले. डावा पाय आत घेतला. मग धोतराचा सोगा धरून उजवा पाय ओढून आत आणला. संपलं. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला.

अर्जुनराव सगळ्यांकडे बघून हसले. मग मोठ्या कष्टाने एक शब्द बोलले. "सोजर."

सुभद्राबाई लगबगीने आत गेल्या आणि फराळाचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, भाऊबीज तुळशीच्या लग्नापतुर चालती, आजच जाऊन येऊ. सगळे बसले. निरंजनने चाकाखालची लिंबं चिरडत मला बाहेर काढलं, पण त्याचा चेहरा उतरला होता. महामार्गाला लागलो. समोर तो पूल आला, जिथून मी रोज वळते. निरंजनने वेग कमी केला आणि योगिनीकडे बघितलं. मला ठाऊक होतं, नियम म्हणजे नियम. तिने नियम मोडला तर शोरूममध्ये तिला बोलणी बसणार. मी वळायच्या तयारीतच होते. योगिनीने आरशातून मागे बघितलं. अर्जुनरावांनी टोपी सरळ केली होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

"सरळ घ्या, सर," ती म्हणाली.

काय सांगू तुम्हाला, पुलाच्या पलीकडे काय काय होतं. देहूरोड, सोमाटणे, तळेगाव. पुढे डोंगर, भाताची कापलेली खाचरं, प्रवासी घ्यायला बैलांसारखी मधे येऊन थांबणारी जीपडी. मागून सुभद्राबाई सगळ्यांना चकल्या वाटत होत्या. चुरा सीटवर सांडत होता आणि मला वाटत होतं, सांडू दे. मला त्या दिवशी पहिल्यांदा घरच्या गाडीसारखं वाटलं.

सोजरबाईंच्या घरापुढे अंगण होतं. मी थेट अंगणात गेले. दार सरकलं आणि अर्जुनराव सीटवरच पाय बाहेर सोडून बसले. म्हातारी काठी टेकत आली. आधी तिला दिसेना कोण आहे ते. मग तिने भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्याच्या मांडीवर डोकं टेकवून रडली. तिथेच, माझ्या दारात, तिने त्याला ओवाळलं. एकाच दिवशी मी दुसऱ्यांदा निरांजनाचा उजेड अंगावर घेत होते.

निघताना अर्जुनराव तिला म्हणाले, "येतो." जीभ जड, पण हा शब्द स्वच्छ आला. ती म्हणाली, या. मग दार लागलं. हे मला नवीन होतं. निघालेला माणूस येतो म्हणतो! शोरूममध्ये हा शब्द कुणी उच्चारत नाही.

संध्याकाळी त्यांना घरी सोडून निरंजन मला परत द्यायला आला. उतरताना माझ्या दारावर हात ठेवला आणि योगिनीला म्हणाला, कळवतो. मित्रांनो, तेव्हा माझ्या काळजात जे झालं ते कुठल्या मेकॅनिकला दाखवू?

योगिनीला बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी मला धुतलं, स्वस्तिक गेलं. काचेच्या खाली, वायपरच्या खाचेत अक्षतांचे दाणे अडकले होते. तिथवर फडकं पोचत नाही. पुन्हा टायरला लाथा, पुन्हा तो पूल, पुन्हा वळण. फाटकातून काळी जीप आत आली की मी बघायचे. दुसऱ्याच कुणाची तरी असायची.

मग एके दिवशी ते सगळे खरंच आले. पण समोर साटीनच्या कापडाखाली झाकलेली एक गाडी उभी होती. माझीच बहीण, फक्त पांढरी, कोरी. निरंजनने कळवलं होतं तर! या माणसाने शब्द पाळला होता. तो माझ्यासाठी नव्हता इतकंच.

सुभद्राबाई ताट घेऊन आत आल्या त्या सरळ माझ्याकडेच चालत आल्या. म्हणाल्या, ही काय आपली गाडी, हिकडं कोपऱ्यात का लावलीया? तेव्हा निरंजनने मान खाली घालून सगळं सांगितलं. ती बघायला आणलेली गाडी होती, आई. ही विकायची नसते. मला वाटलं, आता यांना वाईट वाटणार, नारळ फुकट गेला म्हणणार. पण त्यांनी ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर, जिथे आधी स्वस्तिक होतं तिथे, एक टिकली लावली. "ओवाळलेलं वाया जात न्हाई," म्हणाल्या, आणि पांढऱ्या गाडीकडे गेल्या.

नारळ फुटला. फोटो झाले. अर्जुनराव नव्या दाराशी गेले, पाठ फिरवली, मूठ धरली. बसता बसता थांबले. काठी टेकत, पुन्हा एकेक पाऊल टाकत, ते माझ्यापर्यंत आले. सगळे बघत राहिले, आबा कुठे निघाले म्हणून. त्यांनी काठी माझ्या अंगाला टेकवून डाव्या हाताचा तळवा माझ्या सरकत्या दारावर ठेवला.

"येतो," म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कधीतरी गाडी घ्यायचं निघेल. तेव्हा स्क्रीन बघा, छत बघा, हवं तर टायरला लाथही मारा. पण पहिल्यांदा आत बसवा घरातल्या त्या माणसाला, ज्याला चढता येत नाही आणि जो ते बोलून दाखवत नाही. आणि जिच्यात बसून बघितलंत, तिच्या सीटवरचा चिवडा तेवढा लगेच झाडू नका.

नवं मॉडेल आलं की मलाही विकतील म्हणे. कुणाच्या दारात जाईन, ठाऊक नाही. तोवर योगिनी मला फाटकाकडे तोंड करून उभी करते. रोज लोक येतात, बसतात, कळवतो म्हणून जातात. त्यांची वाट बघणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. पण आबा येतो म्हणाले आहेत.