लाईट आल्याची वर्दी

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. तुमच्या हातात मावणारा नव्हे, चांगला कपाटाएवढा. माझ्यासमोर उभं राहून खेळावं लागे. पुढे काचेचा पडदा, त्याखाली एक दांडा आणि काही बटणं, आणि पडद्याच्या वर मोठा स्पीकर. माझ्या या स्पीकरपायी एका भल्या माणसाचा उजवा हात निकामी झाला. बाकीचंही सांगेन, पण काहीही आठवायला बसलो तरी माझं मन शेवटी तिथेच जातं, म्हणून हे आधी सांगितलं.

माझं शरीर पुण्यात एका सुताराने प्लायवूडमधून ठोकून काढलं. मेंदू मात्र परदेशातून आला, आणि खरं सांगायचं तर तोही कशाची तरी नक्कल होता. एका परदेशी मारामारीच्या चित्रपटावरून मला बनवलं होतं. त्या चित्रपटात एका म्हाताऱ्या गुरूला मारतात, मग त्याचे शिष्य उंच बुरुजावर चढत, प्रत्येक मजल्यावर एकेकाला लोळवत, सूड घ्यायला जातात. त्या नटांचेच फोटो काढून माझ्या पोटात भरले होते. त्यांची नावं इंग्रजीत लिहिलेली होती, पण ती वाचतो कोण? पोरांनी आपापली नावं ठेवली. मिशीवाला, पट्टेवाला, वेणीवाली, आणि बुरुजाच्या टोकावर बसलेला तो शेवटचा टकल्या.

आधी मी बारामतीला एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये होतो. कॉलेजची मुलं माझ्यापायी बस चुकवत. मग नवे गेम आले आणि मी मागे सरकत सरकत पार दारामागे गेलो. अठ्ठ्याण्णव साली अंथुर्णे गावच्या सुयोगने मला विकत घेतलं आणि भाजीच्या टेम्पोत रिकाम्या क्रेटांवर आडवं घालून नेलं. रस्ताभर क्रेटांचा सडक्या कोबीचा वास माझ्या नाकात. वाटलं, आपले दिवस भरले.

पण अंथुर्ण्यात मला जो मान मिळाला, तो बारामतीत कधी मिळाला नव्हता. सुयोगचं दुकान रस्त्याच्या कडेला होतं. थंड पेयं, सुतळी, खिळे, आणि कोपऱ्यात मी. त्या काळी वीज कधी येईल आणि कधी जाईल, याचा काही नेम नसे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी आणि सुयोगचं दुकान एकाच लाईनीवर होतं. सुयोग माझं बटण कायम चालूच ठेवायचा. वीज आली, की मी आपोआप जागा होऊन चित्रपटातलं ढोल-तुताऱ्यांचं संगीत दणक्यात वाजवायचो. ओढ्यापलीकडच्या वावरांपर्यंत ते ऐकू जाई. खुरपणाऱ्या बायका मान वर करून म्हणायच्या, "आली गं बया लाईट! गेम बोंबलला." मग कुणीतरी उठून मोटार सुरू करायला पळायचं. मी गप्प झालो, की लाईट गेली असं समजायचं. मोटारीच्या स्टार्टरजवळचे, लाईट आली की पेटणारे छोटे बल्ब उडाले, तरी लोकांनी ते बदलायचं सोडून दिलं. गेम आहे की!

मला याचा केवढा गर्व होता म्हणून सांगू! बारामतीत मी नुसता खेळ होतो. इथे मी गावाच्या कामाला आलो होतो.

दुकानाच्या मागे ओढा ओलांडला, की कुंडलिक आप्पांचं वावर लागे. ते टोमॅटो, वांगी, भेंडी करायचे. माणूस अगदी शांत. त्यांच्या पत्नी सिंधुबाई तोंडाने फटकळ, पण मनाने मऊ. त्यांची मुलगी सुप्रिया नववीत होती. गणपतीत गावात पडदा लावून तो चित्रपट दाखवला, तेव्हा तिने तो पाहिला होता. त्यात वेणीवाली मध्यंतरानंतर लगेच मरते आणि सगळा सूड मिशीवालाच घेतो. सुप्रियाला ते मुळीच पटलं नव्हतं. माझ्यात मात्र वेणीवालीला घेऊन, वाटेत मिशीवाल्यालाही लोळवून, टोकापर्यंत जाता येत होतं. सुतळी न्यायला आली, की ती वेणीवालीचा एखादा डाव खेळून जाई. बाकीची पोरं बटणं बडवत. ती मात्र पुढचा काय करणार ते बघून, नेमकं हवं ते बटण दाबायची. मला ती फार आवडायची.

ती उन्हाळ्यातली दुपार होती. टोमॅटो बांधायला सुतळी हवी म्हणून सुप्रिया आली, तेव्हा वीज नव्हती. माझ्या काळ्या पडद्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "सुयोगदादा, आवाज आदीच बारीक करून ठेव की."

"का गं?"

"लाईट आल्याली आप्पांना कळली, की मला दारं धराया हाका मारत्याल." मोटार सुरू झाली, की पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं काम तिच्याकडे असे. "एकच डाव खेळते. मग मीच जाऊन सांगते, लाईट आली म्हनून."

"एकच हां," सुयोग हसून म्हणाला आणि त्याने माझ्या पाठीमागे हात घालून आवाज बंद केला.

थोड्याच वेळात वीज आली. मी पहिल्यांदाच मुक्याने जागा झालो. मला त्याची गंमत वाटली, मित्रांनो. सगळ्या गावापासून आपण काहीतरी लपवतोय, याची गंमत. सुप्रिया एकेक मजला चढत गेली. पट्टेवाला पडला, मिशीवाला पडला, आणि ती पहिल्यांदाच टकल्यासमोर जाऊन उभी राहिली. सुयोगही गिऱ्हाईक सोडून बघत होता.

तिकडे ओढ्यापलीकडे आप्पा माझ्या आवाजाची वाट पाहत होते. हे मला नंतर दुकानातल्या बोलण्यातून कळलं. मी वाजत नव्हतो, म्हणजे लाईट आलेली नव्हती. त्यांच्या स्टार्टरच्या पेटीतली एक वायर ढिली झाली होती. लाईट येईस्तोवर तेवढं उरकून घेऊ, असा विचार करून त्यांनी पेटी उघडली आणि उघड्या हाताने वायर धरली.

सिंधुबाईंची किंकाळी दुकानापर्यंत आली. सुप्रियाने दांडा सोडला आणि ती धावत सुटली. काय झालं ते तिला दारातच समजलं असावं, कारण ओढा ओलांडताना ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, "आई, हात लावू नगं! लाईट हाय! लाईट हाय!"

सिंधुबाई नवऱ्याला ओढायला पुढे झाल्याच होत्या, त्या जागीच थबकल्या. सुप्रियाने पडलेलं खोरं उचललं आणि त्याचा वाळका दांडा आप्पांच्या हातावर हाणला. वायर सुटली, आप्पा खाली कोसळले. इकडे माझ्या पडद्यावर टकल्या उभा होता, वेणीवाली उभी होती, आणि समोर खेळायला कुणी नव्हतं.

आप्पांना टेम्पोत घालून बारामतीला दवाखान्यात नेलं. ते वाचले. पण उजवा हात असा भाजला, की त्याची बोटं मिटेनात. सुतळीची साधी गाठही त्यांना मारता येईना.

"ते डबडं आदी ओढ्यात टाका," म्हस्कू नावाचा एक म्हातारा दुकानात येऊन म्हणाला. मला ते पटलं होतं. सुयोगने मला ओढ्यात टाकलं नाही, पण माझी पिन काढली आणि माझ्यावर पोतं टाकलं. गावात स्टार्टरजवळ पुन्हा बल्ब लागले.

तुम्ही म्हणाल, तुझा काय दोष? आवाज काही तू कमी केला नव्हतास. खरं आहे. पण माझ्या भरवशावर लोक बल्ब लावायचं विसरले, तेव्हा मी खूश झालो होतो. आणि त्या दुपारी मुका राहिलो, तेव्हाही मी खूशच होतो. पोत्याखालच्या अंधारात मला हेच पुन्हा पुन्हा आठवायचं आणि स्वतःची लाज वाटायची.

एकदा सिंधुबाई सुतळी न्यायला आल्या. सुयोगने खाली बघतच विचारलं, "सुप्रिया कशी हाय, काकी?"

"काय सांगू बाबा! राबती, पर बोलत न्हाय. बापाला भाकरी कुस्करून देती आन् उठून जाती. त्येच्या तोंडाकडं बगत न्हाय पोरगी." त्यांनी पदराने डोळे पुसले. "हात गेला त्यो गेला. आता लेक बी हातची जाती का काय, ह्याचं भ्या वाटतंय."

दिवाळी झाल्यावर एका सकाळी आप्पा स्वतःच सुप्रियाला घेऊन दुकानात आले. म्हणाले, "सुयोग, लाव ते."

"नगं आप्पा. मला बी त्येच्याकडं बगवत न्हाय."

"लाव म्हंतो न्हवं."

पोतं निघालं. मी जागा झालो. सुप्रिया भिंतीकडे तोंड करून उभी होती. आप्पांनी विचारलं, "त्या दिशी कुठवर गेली हुतीस?"

"टकल्यापतूर."

"मंग?"

"सोडून पळाले."

"व्हय, पळालीस. आन् लाईट हाय म्हनून वरडलीस. न्हायतर तुज्या आईनं मला धरलं असतं, आन् घरात तू एकलीच ऱ्हायली असतीस."

सुप्रियाला हुंदका आवरेना. "पर आवाज मीच बारीक कराय लावला हुता, आप्पा."

"ते बी म्हाईत हाय मला. त्ये न्हाय असं कसं म्हनू? त्ये हाय आन् ह्ये बी हाय. दोनी बी हायेत. चल, खेळ."

तिने बटणांवर हात ठेवले आणि लगेच मागे घेतले. "माज्यानं न्हाय व्हत."

मग आप्पांनीच डाव्या हातात दांडा धरला. "ह्यो मी धरतो. बटनं तू दाब."

इतका वाईट खेळ माझ्यासमोर कुणी खेळलं नसेल. वेणीवालीला वळायचं एकीकडे आणि तिची लाथ जायची भलतीकडे. "आप्पा, म्होरं घ्या! म्होरं! त्यो मागं ऱ्हायला!" असं ओरडत सुप्रियाने मान वळवली आणि कितीतरी महिन्यांनी बापाच्या तोंडाकडे बघितलं. आप्पा हसत होते. त्यांचा उजवा हात अंगाशी तसाच उघडा लोंबत होता. त्या दिवशी मला मनापासून हरायचं होतं. पण मुद्दाम हरायला मला कुणी शिकवलेलं नाही. मी त्या दोघांना पहिल्याच मजल्यावर पाडलं.

मित्रांनो, आज मी सुयोगच्या दुकानामागे पडलो आहे. प्लायवूड फुगलंय, काच तडकलीय. तरी मला जपा, असं मी म्हणणार नाही. विजेपाशी जाताना मात्र ऐकीव गोष्टीवर आणि सवयीवर विसंबू नका. उडालेला बल्ब त्याच दिवशी बदला. टेस्टर लावल्याशिवाय वायरीला हात लावू नका. आणि तुमच्या हातून कुणाला इजा झालीच, तर त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं टाळू नका. सुप्रियाला हाताला धरून आणायला तिचे आप्पा होते. मला मात्र त्यांच्यापुढे जायला जागेवरून हलता येत नाही, आणि आप्पा पुन्हा या दुकानात आले नाहीत.