फलक लागलेल्या बराकीतली हवा

मित्रांनो, मी एक जुना हवामापक आहे. लष्कराच्या एका बराकीत दाराजवळच्या भिंतीवर माझी चार वर्षे गेली. माणसांच्या उच्छ्वासातला वायू खोलीत किती साचला ते आकड्यात दाखवायचे आणि आकडा हजारावर गेला की लाल दिवा लावून टिकटिकायचे, एवढेच माझे काम. मोकळ्या हवेत मी चारशेवीसच्या आसपास दाखवतो.

ती बराक ‘हरित इमारत’ म्हणून बांधली. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या न उघडणाऱ्या होत्या. ताजी हवा आत ओढायला दोन पंखे ठरले होते. पण हरित प्रमाणपत्राची फी आणि सल्लागारांचे शुल्क बांधकामाच्या मंजूर रकमेतूनच द्यायचे होते. मोठ्या साहेबांनी पंख्यांवर रेघ मारली.

“साहेब, मग हवा येणार कुठून?” अभियंता बाईंनी विचारले.

“दारातून. पंखा कुणाला दिसतो, बाई? हरित इमारतीचा फलक दिसतो. भिंतीत जाळ्या तेवढ्या बसवून घ्या.”

जाळ्या बसल्या. त्यांच्यामागे काहीच नव्हते.

प्रमाणपत्राच्या तपासणीच्या आदल्या दिवशी जवानांना सामानासह डोंगरावर पाठवले आणि दार सताड उघडे ठेवले. तपासनीस आले तेव्हा मी चारशेतीस दाखवत होतो. त्यांनी मला शाबासकी दिली आणि दाराबाहेर फलक लागला. मी फुशारलो.

मग बाराजणांच्या खोलीत चोवीसजण राहू लागले. आकडा तीन हजारांवर गेला. भिंतींना ओल आली, ओलीवर बुरशी धरली. माझ्याशेजारच्या खाटेवरच्या जवानाची छाती शीळ घालू लागली. पेन्शनला त्याचे आठच महिने उरले होते.

“काय बासरी, आज कुठला राग?” सगळे त्याला विचारत आणि हसत.

हवालदारांना माझी टिकटिक सहन होईना. “त्या किरकिऱ्याचं तोंड बंद कर रे,” ते बासरीला म्हणाले. त्याने माझ्या भोंग्याची तार काढली, लाल दिव्यावर चिकटपट्टी लावली.

“रागावू नकोस भाऊ,” तो मला हळूच म्हणाला. “इथं माझं तरी कोण ऐकतं?”

धावण्याच्या वार्षिक चाचणीत तो अर्ध्यावरच खाली बसला. डॉक्टर खोली बघायला आले.

“इथली हवा कशी आहे?”

“एकदम शुद्ध, साहेब. बाहेर फलकच आहे,” हवालदार म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्यासमोर उभे राहूनच ‘जन्मापासूनचा आजार’ असे लिहिले. म्हणजे आजार नोकरीमुळे झालेला नाही; नोकरी गेली, पेन्शनही नाही.

“साहेब, आठ महिने तेवढे काढू द्या,” बासरी म्हणाला. “मी व्हरांड्यात झोपेन.”

“व्हरांड्यात पथारी चालणार नाही,” हवालदार म्हणाले. “पाहुणे येतात ही इमारत बघायला.”

तासातासाचा आकडा माझ्या पोटात साठवलेला होता. तो कुणी मागितला नाही.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ एखाद्या दिवशी पुसली नाही तरी चालेल, पण आम्ही सांगतो ते वाचत जा. त्या खाटेवर दुसऱ्याच दिवशी नवा जवान आला. महिन्याभरात त्यालाही खोकला लागला, आणि बाकीचे त्याच्यासाठी नाव शोधू लागले.