हर्षा मॅडमचा पासवर्ड

आम्ही सीए लोक बँकेच्या शाखेत ऑडिटला जातो ते चुका शोधायला, आणि पाहुणचारही तिथलाच झोडतो. खापरखेड्याकडच्या त्या शाखेतही एप्रिलच्या उन्हात माझी चांगली बडदास्त होती. पोहे झाले, ताक झालं. तरी मला घाई. मनीषनगरला घरी वेळेत पोचायचं होतं.

"थकीत कर्जांचा तक्ता आत्ताच्या आत्ता हवा," मी फर्मावलं. तो काढायचा अधिकार शाखेतल्या अधिकारी हर्षा मॅडमचा, आणि त्या आत डबा खात होत्या.

"म्याडम जेवून राहिल्या, सर," क्लार्क देवराव म्हणाले.

"मग मी काय इथे माशा मारत बसू?"

देवराव उठून मॅडमच्या खुर्चीत बसले, मॅडमचाच पासवर्ड टाकला आणि तक्ता काढून दिला. मी थँक्यू म्हणालो आणि सवयीने अहवालाच्या मसुद्यात टिपलं: अधिकाऱ्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती, गंभीर त्रुटी. समोरच्याची तेवढी चूक दिसावी, असा डोळा तयार झालाय माझा.

दुसऱ्या दिवशी मसुद्यावर खुलासे घ्यायला बसलो. मॅनेजर सहज बोलून गेले, हर्षाची बढतीची मुलाखत पुढल्या आठवड्यात होती, या पासवर्डच्या मुद्द्यानंतर आता कसली होते. देवरावांना बाजूला घेतलं.

"म्याडमले सांगतलं मी, माझाच आगाऊपणा झाला," ते हळूच म्हणाले. "तुमचं नाव नाही घेतलं, सर. पाहुण्याले काहून अडकवाचं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरळ हर्षा मॅडमसमोर गेलो आणि सांगून टाकलं: घाई माझी होती, देवरावांना मीच भरीस पाडलं.

त्यांनी मसुद्यातल्या त्या मुद्द्यावर बोट ठेवलं. "मग काढता काय तो मुद्दा?"

"काढता येणार नाही. पासवर्ड तुम्ही दिला तर होताच."

"दिला होता. नाही म्हणून नाही राहिली मी. पण तुमच्यासाठी वापरला, हे बी लिहा ना खाली."

एका ओळीचं काम. पण ती ओळ आमच्या फर्मचे मोठे भागीदार कृष्णकांत सर वाचणार, बँकेची मुख्य कचेरी वाचणार. पुढल्या वर्षी हे काम आम्हाला कोण देणार? मी पेनाचं टोपण उघडलं आणि परत लावलं.

"राहू द्या, सर," म्हणत त्यांनी खुलाशावर सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मला लाज वाटली, फार वाटली. आणि मी तो कागद घेतला.