बावीसात एक

फुलसावंगीच्या बबनरावांच्या डोक्यात एकदा गणित बसलं, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते ऐकत नसत. इथं तर समोर फक्त डॉक्टर गुंजन बसल्या होत्या.

कानाखालच्या लाळग्रंथीतला कॅन्सर नागपुरात काढून तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून बबनरावांचं डावं अर्धं तोंड झोपलेलंच होतं. हसले तर उजवीकडेच हसायचे, त्यामुळं माणूस चेष्टा करतोय की चिडलाय, हे बायकोला, तानाबाईंनाही कळेना. त्याच ऑपरेशनात काढलेल्या मानेतल्या गाठींचा रिपोर्ट आज आला होता.

"बावीस गाठी काढून तपासल्या," डॉक्टर म्हणाल्या. "एकीत कॅन्सर पोचलेला निघाला."

"बावीसात एक?" बबनरावांचं उजवं अर्धं तोंड खुललं. "मंग भेता कायले, बाई? आमच्या कृषी सहायकानं शिकवलं हाय. पऱ्हाटीचे, म्हंजे कपाशीचे, वीस बोंडं तोडा, फोडून पाहा. दोनात गुलाबी अळी निघाली तरच फवारा. एक निघाली तर पंपाले हात लावू नका. आपण पास झालो!"

आणि रिपोर्टची घडी घालून ते उठलेसुद्धा!

"बसा आधी," डॉक्टर म्हणाल्या. "एकीतही नसता तर उत्तमच होतं. दहा-बारांत निघाला असता तर मलाच घाम फुटला असता. एकच आहे, म्हणून आशा चांगली आहे. पण एक आहे म्हणजे तो लाळग्रंथीच्या बाहेर पडलाय. सहा आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावाच लागेल."

"ऐन वेचणीत सहा आठवडे नागपूर? एका अळीसाठी? नाई जमत."

डॉक्टरांनी कागदावर मान काढून दाखवली. बबनरावांनी चित्रातल्या गाठी मोजल्या आणि त्या चौदाच भरतात अशी चूक काढली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मग तानाबाईंनी पदर खोचला. "डॉक्टरीणबाई, या माणसाले गावात काय म्हणतात ठाव हाय? पंपवाले! औंदा दसऱ्याच्या आधी वावरात एक बोंड किडकं सापडलं. एक! तो कृषी सहायक हात जोडून सांगून राह्यला, काका, थांबा. हे थांबले काय? पाठीवर पंप टाकून अख्खं वावर फवारलं. शेजारच्या गुलाबसिंगच्या धुऱ्याकडच्या, बांधाले लागून असलेल्या, दोन ओळीबी फवारून आले!"

"अवं, ते पीक होतं!" बबनराव उसळले.

"अन् तुमी?" तानाबाईंचा आवाज चिरकला. "पऱ्हाटीले एक अळी पुरली. माह्या नवऱ्याले दोन लागतात काय वो?"

बबनरावांनी बायकोचे भरलेले डोळे पाहिले. भीती त्यांनाही वाटत होतीच की! रिपोर्टच्या पाकिटाला हात लावला तेव्हापासून वाटत होती.

ते परत खुर्चीत बसले, घडी उलगडून रिपोर्ट टेबलावर ठेवला.

"बाई," ते डॉक्टरांना म्हणाले, "शेक द्यायचा तर पार धुऱ्यापर्यंत द्या. एक ओळ सोडू नका."

हे बोलताना त्यांची उजवी बाजू हसली. डावीकडच्या गालावरून पाणी ओघळलं, ते तानाबाईंनी पदरानं पुसलं.