त्रेपन्न लाख एकशे एकोणसाठ

ताप उतरला तेव्हा अंथरुणात ऋजुता नव्हती, ५३,००,१५९ ही संख्या होती. आवाज मात्र तिचाच होता. "आई, भूक लागली," संख्या म्हणाली, आणि प्रमिलाबाईंनी मऊ भात केला.

आळीत असं पूर्वी एकदा झालं होतं. सबनीसांच्या मुकुंदाची संख्या झाली आणि त्याच्या सात वर्षांच्या मामेबहिणीनं लाडानं त्याला हात लावला. सातानं भाग जात होता. मुकुंदाचे सात सारखे ढीग झाले. त्यांतल्या कुणाला मुकुंदा म्हणून हाक मारायची, ते सबनीस वहिनींना अजून ठरवता आलेलं नाही.

म्हणून ऋजुताच्या वडिलांनी आधी दार लावून घेतलं. दिगंबरपंत शाळेत गणित शिकवत. त्यांनी बेपासून तीसपर्यंतचे सगळे पाढे लावून पाहिले. कुठेच निःशेष भाग जाईना. तिसाच्या पुढचे पाढे त्यांच्या वडिलांनीही कधी म्हटले नव्हते. "मूळ संख्या आहे पोरगी!" ते पेढे वाटावेत तशा थाटात आळीभर सांगत सुटले. मग एकोणचाळीस वर्षांची आत्या आली, एकाहत्तर वर्षांचे शेजारचे आजोबा आले. येईल तो पोरीला गोंजारून गेला. काही झालं नाही.

प्रमिलाबाई बावन्न वर्षांच्या होत्या. वाढदिवसाच्या आदल्या दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी सहज लेकीकडे पाहिलं. त्रेपन्न लाखांत त्रेपन्न जातात. उरले एकशे एकोणसाठ. त्रेपन्न त्रिक एकशे एकोणसाठ. उद्या त्यांना त्रेपन्न पूर्ण होणार होती. इतकं डोळ्यांसमोर होतं, आणि म्हणे घरात गणिताचे मास्तर!

"अहो, उद्यापासून वर्षभर मी बाहेर राहते," त्या स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या.

"अगं, हे काय खूळ?"

"त्रेपन्नानं भागून बघा."

दिगंबरपंतांनी मनातल्या मनात भागलं आणि ते खाली बसले. "हात नको लावूस म्हणजे झालं," ते म्हणाले.

"घरात राहून? मला जमेल का ते?"

ऋजुताला सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही. सकाळी प्रमिलाबाई चटई घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. वर्षभर लेकीला जवळ घ्यायचं नाही, या विचारानं त्यांना रडू आवरत नव्हतं.

"आई, आत ये ना. ओवाळायचंय तुला," आतून आवाज आला.

"नंतर, बाळा."

"माझ्यावर रुसलीस?"

"नाही गं."

"मग मीच येते."

दिगंबरपंत "थांब, थांब" म्हणत आडवे आले, पण आकडे त्यांच्या काखेखालून निसटले. आधी पाच उंबऱ्यावर आला. प्रमिलाबाई एक पायरी उतरल्या. मग तीन आला. त्या आणखी एक उतरल्या. दोन्ही शून्यं गडगडत आली, मागोमाग एक, पुन्हा पाच, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत नऊ. प्रमिलाबाई मागे न बघता उलट्या पावलांनी उतरत राहिल्या. पाय जमिनीला टेकले आणि पाठ भिंतीला लागली. तोवर त्यांचे हात आपसूक पुढे झाले होते.